खरं

आमच्याकडं 'पण' म्हणत नाहीत,
'खरं' म्हणतात.
येते, खरं उशीर होईल.
जेवलेय, खरं वाढ दोन घास.
पुण्याची मामी हसते,
मग तुमचं खोटं कुठलं गं, विचारते.

डाव्या हातात, कोपराच्या खाली,
एक पट्टी आणि सहा स्क्रू.
अकरावीत, मॅटवर, शेवटच्या कुस्तीत
समोरच्या पोरीनं ढाक मारली
आणि जो आवाज आला
तो मला कुणाची चप्पल तुटल्यासारखा वाटला.

बाबा उद्यमबागेत पंचवीस वर्षं लेथवर.
एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरून
आधी स्क्रूचे आटे मोजले त्यांनी.
"काम साफ केलंय," म्हणाले.
मग बाहेर जाऊन बराच वेळ
सायकलची चेन पुसत बसले, पुसलेलीच.

राउंडला डॉक्टर विचारायचे, नोवु ऐतेनु?
मी म्हणायची, इल्ला.
दुखत होतं.
कानडीत मी पहिलं जे काही नीट बोलले
ते हे.

मग दोन वर्षं व्हॅक्सीन डेपोच्या झाडांखाली
पहाटे चारला, मोबाईलच्या बॅटरीवर.
पिरनवाडीहून आम्ही तिघी, एका स्कूटीवर.
थंडी आधी पट्टीला कळायची, मग मला.
सोळाशे मीटर. लांब उडी. वाळूत हात टेकायचा नाही,
टेकलाच तर उजवा.
सर म्हणायचे, "विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर,"
आणि शिट्टी वाजवायचे.

कडोलीची सुनंदा म्हणाली, "क्रीम लाव की गं.
लग्नात पोरी अख्खं तोंड झाकतात,
तुझं तर वीतभर."
गणपत गल्लीत दुकानदारानं रंग जुळवायला
माझं मनगट उलटं करून बघितलं.
गव्हाळ, दोन नंबर. तीनशे चाळीस रुपये.

धावण्यात चौथी आले.
उंची, वजन, छातीतले ठोके, डोळे, दात,
सगळं पडद्याच्या आत एकेक पुढं सरकत होतं.
मॅडम उत्तरेकडच्या कुठल्यातरी. दमलेल्या.
मान खाली, पेन चालू.
"तेजल मजुकर. कोई चोट? कोई ऑपरेशन?"

"नहीं मॅडम," म्हटलं मी.
पेन टेकलंसुद्धा.

"खरं,"

सवयीनं गेलं तोंडातून.
पुढं काहीच नव्हतं माझ्याकडं, शपथ,
घरी कसं वाक्य संपलं तरी एक 'खरं' लोंबकळत राहतं
तसं.

त्यांनी मान वर केली.
"क्या खरं?"

पडद्यापलीकडं पुढच्या पोरीचं नाव पुकारत होते.
मी रुमाल थुंकीनं ओला केला
आणि पुसत गेले,
गव्हाळ दोन नंबर, वीतभर,
दोन्ही बाजूंच्या टाक्यांच्या ठिपक्यांसकट.
मॅडमनी अंगठा फिरवला त्यावरून. हळू.
"अच्छा सिला है," म्हणाल्या,
आणि लिहिलं ते दुसऱ्या चौकटीत लिहिलं.

बाबा गेटबाहेर, रसाच्या गाड्याशेजारी.
कागद वाचला नाही, माझ्याकडं बघितलं.
"कुठला गेज लावला त्यांनी?" एवढंच विचारलं.
कारखान्यात माल परत आला की
हेच विचारतात ते.

पट्टी काढता येते. डॉक्टर म्हणतात,
भोकं भरायला वेळ लागतो हाडाला,
वर्ष धर.
श्रावणात मला एकविसावं संपतं.
बाबा म्हणतात, काढलीच तर मागून घे, टाकू देऊ नको,
असला धातू आमच्याकडं येत नाही.

आज बसमध्ये मी खिडकीशी, ते मधे उभे.
तिसऱ्या गेटाला फाटक पडलं,
मालगाडी संपता संपेना.
वाकून त्यांनी विचारलं,
"दुखतंय काय गं?"

"नाही," म्हटलं.
आणि मागोमाग तो शब्द आलाच.